भुकटीवर पाळत

ती. ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार.

आपले गुरुजी भुजंगप्रयात शिकवताना टेबलावर पट्टी आपटायचे, तो ठेका आठवतो? लगागा, लगागा... साठ वर्षं माझ्या कानांत तोच घुमतोय. तुझे गुडघे कसे आहेत? (खरं लिही. मागच्या पत्रात 'उत्तम' लिहिलंस, पण अक्षर कण्हत होतं.)

तुझ्या नातीच्या प्रयोगशाळेत घातपात चाललाय. तिची ती राखाडी धातूची भुकटी हायड्रोजन पिऊन साठवते. पिताना तापते, आणि ताप बाहेर पडला नाही तर हट्टी पोरासारखी पुढचा घोटच घेत नाही. म्हणून भुकटीतून उष्णता किती चटकन जाते, हे पोर तीन वर्षं मोजतेय. रोज सकाळी नळकांड्यात ताजी भुकटी भरून आकडे घेते. दुपारी ती शिकवायला गेली की दर दहा मिनिटांनी आकडा टिपायला मी. (निवृत्त माणूस फुकट मिळतो.) सकाळचे आकडे गुणी, दुपारचे चढेल! सोमवारी परीक्षकांना जुळते आकडे दाखवले नाहीत तर तीन वर्षं पाण्यात.

संशयित शेजारच्या टेबलावरचा. रबरी तळव्यांचे बूट घालतो, म्हणून मी त्याला मांजरपावल्या म्हणतो. उगाचच चहा विचारतो. मी जरा जुन्या कविता म्हणू लागलो की वहीत काहीतरी खरडतो, आणि मी पाहिलं की झाकतो. सज्जन माणूस वही कशाला झाकेल? मी झाकणावर केस चिकटवला, नळकांड्याभोवती खडूची रेघ ओढली. केस जागच्या जागी, रेघ अखंड, आकडा मात्र वर! पोरीला सांगितलं, तर म्हणते, "आजोबा, भला माणूस आहे हो तो." भलेच असतात असले.

ता.क. काल घसा बसला होता, कविता झाल्या नाहीत. आकडा जागचा हलला नाही.

दुसरा ता.क. ताई, कविता म्हणताना माझी पट्टी टेबलावर चालते. नळकांडं त्याच टेबलावर. साखरेचा डबा आपटला की साखर खाली बसते ना, तशी भुकटी बसते. कणाला कण भिडतो आणि उष्णता सरसर पळते. घातपाती मीच. पोरीला तूच सांग, माझी जीभ रेटत नाही. (खरं तर पत्र त्यासाठीच.)

तिसरा ता.क. आत्ता दार वाजलं. लगागा, लगागा! उघडतो तर मांजरपावल्या. एका हातात माझी विसरलेली पट्टी, दुसऱ्यात ती वही. "आजोबा, मला तुमचाच संशय होता," म्हणाला. महिनाभर कुठल्या दिवशी, किती वाजता, किती कडवी, आकडा किती चढला, सगळं टिपलंय गड्यानं! तेवढं वजा केलं की पोरीचे आकडे जुळतात. मग आधी का बोलला नाहीस? तर मान खाली घालून म्हणतो, "तुम्ही कविता बंद केल्या असत्या."

पोरीला तू काही सांगू नकोस. मी चप्पल घालतोय. तो दारातच उभा आहे.