एक की नऊ

प्रिय बारके,

फोन उचलायला तुला काय होतं गं? अकरा वेळा लावला. अकरा वेळा ती यंत्रातली बाई सांगते की हा नंबर उत्तर देत नाही. नंबर कशाला उत्तर देईल, उत्तर बहिणीने द्यायचं असतं! म्हणून शेवटी हे पत्र. माझी शाळा तिसरीपर्यंतची, ऱ्हस्वदीर्घ जिथे जागा मिळेल तिथे देते, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तुझ्या अक्षराबद्दल तर मीच बोलणार आहे. तुझा एक आणि तुझा नऊ, कोण कुठला ते देवालाही सांगता यायचं नाही. नवाला एक जादाची आकडी असते. ती तू मनात आलं तर देतेस, नाहीतर पेन उचलून पुढे पळतेस. दोन वर्षं झाली तुला इथून जाऊन, आणि त्या आकडीपायी माझा जीव आज टांगणीला लागलाय.

नीट सांगते, मध्येच कागद बाजूला टाकू नकोस. पहिल्या नंबरचा दगड आठवतो ना, खाणीतल्या खालच्या थरातला? तोच, ज्यात माशासारख्या खवल्यांचा आणि मगरीसारख्या चपट्या डोक्याचा प्राणी दगड होऊन बसलाय. तो संपवला मी. तू गेल्यावर एकटीने, सुईने खरवडून खरवडून, दोन वर्षं. मला भाजी निवडायला धीर नाही, रांगेत उभी राहिले तर पुढच्याला ढकलते, आणि त्या मेल्या दगडापुढे मी आठ-आठ तास मान मोडून बसते. आई म्हणते, एवढी शांत घरात बसलीस तर मी पेढे वाटीन. प्रयोगशाळेत सरांनी नवी सुई आणली आहे, हवेवर चालणारी, दाढ कोरतात तसा आवाज करते. दिवा मात्र तोच, मध्येच डोळे मिचकावणारा. दहादा सांगितलं, कोणी बदलेल तर शपथ.

तर त्या प्राण्याचा पर. वरून बघितला तर माशाचाच, कडेला बारीक काड्या, पंख्यासारख्या. पण आत खांद्याकडून एक जाड हाड निघालं, मग त्याच्यापुढे दोन. सरांनी त्या दिवशी मला माझाच हात चाचपायला लावला. कोपरापर्यंत एक हाड, मनगटापर्यंत दोन, पुढे मनगटात खडीसारखे बारके बारके तुकडे, मग बोटं. म्हणाले, बकरीचा पाय घ्या, वटवाघळाचा पंख घ्या, मांडणी हीच. कोणी लांबवली, कोणी आखडली, पण नवी मांडणी कोणी केली नाही. मी म्हटलं, सर, म्हणजे आपण सगळे एकाच घरातले. ते म्हणाले, हो बाई, फक्त घर फार जुनं आहे. घरी येऊन मी आईचा हात चाचपला तर ती म्हणते, हाड मोडलंय का माझं?

लोकांचं डोकं कसं चालतं ते तर विचारूच नकोस. परवा एक सुटाबुटातले पाहुणे आले, दगडाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारतात, यातला अर्धा मासा कुठे संपतो? जसं काही शिवणकामच आहे, वर मासा, खाली पाय, मध्ये टाचणी! मी सांगितलं, साहेब, कुठे संपत नाही. कुठलाही मासा एका सकाळी उठून चालायला लागला नाही, आणि कुठल्याही आईने आपल्यापेक्षा वेगळ्या जातीचं पोर जन्माला घातलं नाही. पिढ्यान्पिढ्या एवढं एवढं बदलत गेलं, आणि हा मधल्या कुठल्यातरी वळणावरचा आहे. उथळ पाण्यात परावर जोर देऊन अंग उचलत असेल बिचारा. साहेब सरांना म्हणाले, तुमच्या बाई रागीट आहेत. सर म्हणाले, पण हात हलका आहे. बरं वाटलं, कशाला खोटं बोलू.

आता मुद्दा. त्या दोन हाडांच्या पुढे दगडच फुटलेला होता, म्हणून मनगट होतं की नव्हतं हे कळायला मार्ग नव्हता. गेल्या महिन्यात जुन्या डब्या आवरताना तू काढलेलं एक हाड निघालं, वाटाण्याएवढं, दोन बाजूंनी चपटं. सोबत चिठ्ठी, चिठ्ठीवर एक. सर खुर्चीत बसलेच! कारण ते पहिल्या दगडातलं असेल तर जमिनीवर यायच्या आधीच, पाण्यात असतानाच परामध्ये मनगट सुरू झालं होतं, असा अर्थ होतो. आणि नवव्या दगडातलं असेल तर त्यात नवल काहीच नाही. नववा वरच्या थरातला, म्हणजे पुष्कळ नंतरचा, चांगला पाय फुटलेला प्राणी. त्याला मनगट असायचंच.

मापावरून दोन्हीकडे बसतं. चिकटलेल्या दगडावरून कळलं असतं, पण तू ते इतकं लखलखीत केलं आहेस की कणसुद्धा ठेवला नाहीस. जिथे नको तिथे तुझी टापटीप! वहीत शोधावं तर हाड काढलंस त्या दिवसाचं पान कोरं, कारण त्याच दिवशी दुपारी तू एप्रन खुंटीला लावून निघून गेलीस. सरांनी विचारलं, हे अक्षर धाकट्या बाईंचंच ना? मी म्हटलं, हो, तिचंच. त्यांनी लेख लिहून काढला. शनिवारी तो बाहेरच्या मोठ्या मासिकाला जाणार. तुझं नि माझं नाव शेवटी आभारात टाकलंय, मला वाचून दाखवलं. माणूस एवढा खूश मी पाहिला नव्हता. शीळ घालत फिरतात, आणि शीळ ऐकली की मी तोंड फिरवून डब्या पुसायला लागते.

कारण ते अक्षर तुझं नाही. आता आलेच आहे तर सगळंच लिहिते. त्या दिवशी हाडं चिकटवायचा गोंद पातळ करायचं औषध तुझ्या ताटात सांडलं, ते तू नव्हतं सांडलंस. माझं कोपर लागलं. तू हात धुवायला गेली होतीस. सगळ्या चिठ्ठ्यांची शाई उतरली, आणि मी घाईघाईने पेन घेऊन पुसट आकडे गिरवत बसले. बाकीचे वाचता आले. या चिठ्ठीवर नुसतं गोल आणि खाली शेपूट उरलं होतं. आकडी होती की नव्हती ते दिसत नव्हतं, आणि मी एक गिरवला. कारण मला एकच हवा होता. पहिला दगड माझ्या टेबलावर यायचा होता आणि त्यात काहीतरी मोठं निघावं असं मला फार वाटत होतं. तू आलीस तेव्हा ताट ओलं होतं, आणि तू तोंड उघडायच्या आत मीच सरांसमोर तुला झाडली, धांदरट म्हणाले, शिकून काय उपयोग म्हणाले. तू एप्रन काढलास. त्या औषधाच्या बाटलीला तू हातही लावला नव्हतास हे तुला ठाऊक होतं, तरी दोष अंगावर घेतलास. तिथे चष्म्याच्या दुकानात काचा घासत बसली आहेस ती माझ्यामुळे. मला माफ कर म्हणायला दोन वर्षं लागली आणि तेही हाडाचं निमित्त काढून, हे मला कळतंय, तू सांगायला नको.

सरांना मी शुक्रवारी सकाळी सांगणारच आहे की चिठ्ठी माझ्या हाताची आहे. मग मला ठेवतील नाहीतर हाकलतील. पण तेवढ्याने हाडाचं घर सापडत नाही. ते फक्त तुला माहीत आहे. त्या सकाळी तुझ्या पुढ्यात कुठला दगड होता, खालचा काळपट की वरचा तांबूस, आठव. मला बरं वाटावं म्हणून एक म्हणू नकोस, आणि माझी खोड मोडावी म्हणून नऊ म्हणू नकोस. जे होतं ते. गुरुवारच्या टपालाने तुझं उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे. शिव्या घालायच्या असतील तर मागच्या पानावर घाल, मी सगळ्या वाचीन. पण पहिल्या ओळीत उत्तर लिही, आणि बाई गं, आकड्यात नको, अक्षरात लिही.

तुझीच,
थोरली