मराठीतला ओरडा

बडोदे,
४ ऑगस्ट २०२४

ती. सौ. ताईस,
धाकट्या मृदुलाचा सा. न. वि. वि.

फोनवर मी भाऊजींच्या गुडघ्याचं विचारते आणि तू साताऱ्यातल्या पावसाचं सांगतेस. कानाचं मशीन डब्यात ठेवायला घेतलंय का? तेव्हा आता आपलं पत्रच बरं.

आमच्या इस्पितळात सध्या एक गंमत चालू आहे. आकांक्षा नावाची एक गुजराती मुलगी अभ्यासासाठी आली आहे. तीन इस्पितळांच्या इमर्जन्सीत माणसं कसल्या वातावरणात काम करतात, ते ती मोजणार. मी विचारलं, ताप पाहतात तसं काखेत काही धरायचं का? हसली बिचारी. छापील कागद आहे. चूक झाली तर न घाबरता सांगता येते का, वरिष्ठ मान ठेवून बोलतात का, असल्या प्रश्नांपुढे एक ते पाचमधल्या एका आकड्याला गोल करायचा. शेवटी थोडी मोकळी जागा, तिथं मनातलं हवं त्या भाषेत लिहायचं. नाव घालायचं नाही, कागद कुलूपबंद पेटीत टाकायचा.

मला कसली धास्ती? इमर्जन्सीची इनचार्ज सिस्टर झाल्यापासून मी कुणाला वेडंवाकडं बोललेली नाही. मुली मृदुलाबेन, मृदुलाबेन करत मागे असतात. आमच्या मेट्रन निवृत्त होताहेत आणि त्यांच्या जागी कोण, हे ठरवताना हे निकाल बघणार आहेत म्हणे. तेव्हा मेट्रनची बहीण म्हणून मिरवायची तयारी ठेव.

आणि हो, आपल्या जुन्या गल्लीतल्या, घडियाळी पोळीतल्या पिलाजीरावांची नात रसिका आमच्याकडेच लागली आहे. विभागात मराठी अशा आम्ही दोघीच. पोर हुशार, पण वेंधळी. आपली म्हणून तिला हक्कानं फैलावर घेते. परक्याच्या मुलींना कोण एवढं बोलतं?

ह्यांची कोयलीच्या रिफायनरीतली पाळी बदलली आहे, त्यामुळे आमच्या जेवणाच्या वेळांना काही धरबंध नाही. भाऊजींना नमस्कार. उत्तर लवकर टाक आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मृदुला

सातारा,
१२ ऑगस्ट २०२४

चि. मृदुला हिस अनेक आशीर्वाद.

मशीन डब्यात नाही, कानातच आहे. ते शिट्टी वाजवतं आणि तुझे भाऊजी कुकर बंद करायला धावतात. गुडघा म्हणूनच बरा आहे असं समज.

मेट्रन होणार असशील तर आनंदच आहे, पण आधीच पेढे वाटू नकोस. आकडे यायचे आहेत. तुझ्या कागदावर तू काय लिहिलंस ते मात्र कळवलं नाहीस. सगळीकडे पाचला गोल केला असशील, मी ओळखते तुला.

पिलाजीरावांची नात तुझ्या हाताखाली आहे, हे वाचून बरं वाटलं. बाबांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांच्या घरून आपल्याला डबा यायचा, ते मी विसरलेली नाही. पोरीला फैलावर घे, पण बेतानं. तुझा आवाज मला मशीन न लावताही ऐकू येतो.

तब्येतीला जप. आमचा जीव तुझ्यात गुंतलेला आहे.

तुझी ताई,
कौशल्या

बडोदे,
२ सप्टेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
मृदुलाचा सा. न.

वि. वि. काय लिहू? लाजेनं मान वर होत नाही. ह्यांनाही सांगितलेलं नाही, तुलाच सांगते.

आकांक्षानं तिन्ही इस्पितळांचे कागद एकत्र केले. त्यात मोकळ्या जागेत मराठीत लिहिलेला एकच कागद निघाला. तिला ते अक्षर लागेना. कागदांवर इस्पितळाच्या नावाऐवजी खुणेचे आकडे होते, त्यांची फोड शेवटी व्हायची, म्हणून कोणत्या इस्पितळाचा कागद आहे हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी मदतीला तत्पर आणि वर मराठी, म्हणून गुजरातीत करून द्याल का, असं तिनं मलाच विचारलं. मी ऐटीत चष्मा लावून बसले.

तो रसिकाचा होता. तिनं लिहिलं होतं की सिस्टर सगळ्यांशी गुजरातीत गोड बोलतात, कुणाचं चुकलं तर बाजूला नेऊन समजावतात. तिला मात्र सगळ्यांसमोर मराठीत बोलतात. बाकीच्यांना वाटतं दोघींचं घरगुती काहीतरी चाललंय, ते हसतात. एकदा तिनं चुकीची सलाईन लावली होती. लगेच ध्यानात आलं, तिनं बदलली, पेशंटला काही झालं नाही. पण तिनं ते कुणालाही सांगितलं नाही, कारण मग मराठीत ऐकून घ्यावं लागलं असतं. हल्ली घरी आईनं हाक मारली तरी दचकायला होतं, असंही होतं.

ताई, मी ते तसं लिहून दिलं नाही. कामाचा ताण असतो, पण सिस्टर घरच्यासारखं वागवतात, एवढंच गुजरातीत उतरवलं. पोरीचं नाव उघड होऊ नये म्हणून केलं, अशी मनाची समजूत घातली.

पुढे आणखी वाईट झालं. आमच्या विभागाचा आकडा सगळ्यांत वर आला. सभेत इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी नेमकं तेच वाक्य मोठ्यानं वाचलं आणि टाळ्या पडल्या. रसिका समोरच्या रांगेत होती. आपल्या लिहिण्याचं काय झालं आणि कुणी केलं, ते तिला कळलंच असणार. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली मान घातली. चुकीचं वागले मी आणि मान तिनं घातली. टाळ्या थांबेपर्यंत मी हसरा चेहरा धरून बसले होते.

काय करू ते सांग. रागाव, पण सांग.

तुझी,
मृदुला

सातारा,
९ सप्टेंबर २०२४

चि. मृदुला हिस आशीर्वाद.

घरात गणपती बसले आहेत, पाहुणे आहेत, तरी स्वयंपाकघरात पाटावर बसून लिहिते आहे. तुझं पत्र वाचून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पोरीचं नाव झाकलंस म्हणतेस, ते आधी मनातून काढून टाक. झाकलंस ते स्वतःचं. तिला लपवायचं असतं तर तिनं लिहिलंच नसतं. तुला आपली माणसं म्हणजे चारचौघांत बोलून घ्यायची माणसं वाटतात, आणि गोडवा सगळा बाहेरच्यांना. तिनं सलाईनची चूक पोटात ठेवली. उद्या दुसरी ठेवील आणि तेव्हा पेशंट वाचेलच असं नाही. तू मेट्रन होशील की नाही, यापेक्षा ते मोठं आहे.

आकांक्षाला जाऊन सांग की गुजराती खोटं आहे, दुसऱ्याकडून करून घे. कागद कुणाचा ते सांगू नकोस. मग रसिकापाशी जा. समजावायला जाऊ नकोस, माफी मागायला जा.

रागावले आहे, पण तू माझीच आहेस.

कौशल्या

बडोदे,
२० सप्टेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
मृदुलाचा सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. आकांक्षाला सगळं सांगितलं. तिचा चेहरा पडला. कागद कुणाचा हे तिनं विचारलं नाही, ही तिची सभ्यता. आमच्या विभागाचा निकाल तिनं मागे घेतला आहे. साहेबांकडे मीच गेले आणि मेट्रनसाठी माझा विचार करू नका म्हणून सांगून आले. ते काय म्हणाले ते लिहीत नाही, पण त्यातलं काही खोटं नव्हतं.

मग रसिकाला ड्रेसिंगच्या खोलीत बोलावलं. ती दाराशीच उभी राहिली. मी मराठीत, आवाज खाली ठेवून, बोलले. तू लिहिलंस ते खरं होतं, मी ते खोटं केलं, मला माफ कर, एवढंच. सलाईनबद्दल कधीही सांगितलंस तरी बाजूला बसून ऐकेन, असंही म्हटलं. वाटलं होतं रडेल, भांडेल, निदान मला काही बोलेल.

तिनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग गुजरातीत म्हणाली की काही वांधा नाही. लहान मुलांच्या वॉर्डात बदली मागितली आहे, त्या अर्जावर माझी सही हवी आहे. मी पुन्हा मराठीत काही विचारलं, तिनं पुन्हा गुजरातीतच उत्तर दिलं. मला मृदुलाबेन म्हणाली. आजवर ती मला मावशी म्हणायची.

मी सही केली. तिचं गुजराती फार गोड आहे, ताई. मी परक्यांशी बोलते तितकंच गोड.

हे वाचल्यावरही जमेल तेवढा लोभ ठेव.

तुझी,
मृदुला