नानांची जीप, अंगणात बांधलेली

धायरी, पुणे

ती. उल्कावन्सं यांना हेमाचा नमस्कार.

तुमची शुगर आटोक्यात असेल आणि भाऊजींनी सकाळचं फिरणं सुरू केलं असेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. (हे वाक्य तुमच्या भावासमोर लिहिलं. ते आता अंगणात गेलेत, म्हणून पुढचं खरं लिहिते.)

आईंना वेल्ह्यापलीकडे आपल्या देवीला जायचं होतं, हे तुम्हाला माहीतच आहे. एसटी खालच्या फाट्यापर्यंत जाते, वर नुसते दगड, आणि आईंचे गुडघे तर असे. म्हणून यांच्या ऑफिसातले हुसेनभाई आपली जुनी जिप्सी विकताहेत असं कळल्यावर मी म्हटलं, घेऊन टाकू. चारही चाकं ओढतात, कागदपत्रं चोख, आणि माणूस असा की गाडीतले दोष त्यांनी न विचारता सांगितले. यांनी गाडीभोवती फेरी मारली, टायरला बुटाचं टोक लावलं आणि म्हणाले, "दुसऱ्याची वापरलेली गाडी आपण का घ्यायची? मी नानांची जीप बांधतो. हुबेहूब." (नानांची म्हणजे पाटबंधारे खात्याची. मामंजी ती चालवत, एवढाच आपला तिच्यावर हक्क.)

आता, वन्सं, वापरलेली गाडी नको म्हणणाऱ्या या माणसाने घरात जे जे आणलं ते सगळं दुसऱ्याने वापरून टाकलेलंच होतं. सांगाडा भंगारातल्या जीपचा, इंजिन कुणाच्या तरी टेम्पोचं, बसायच्या गाद्या बंद पडलेल्या थिएटरच्या. माझी कर्दळ उपटली गेली, तुळस जिन्यात आली. पापड वाळवायला जागा उरली नाही म्हणून मी ते बॉनेटवर घातले, तर रंगाला डाग पडतील म्हणून आठवडाभर अबोला. (माझ्या दृष्टीने त्या वर्षातला तोच काय तो शांत आठवडा.) तोवर दोन नवरात्रं गेली आणि आई रोज विचारायच्या, "श्याम, चाक बसलं का रे?"

अखेर गेल्या रविवारी निघालो. मी गुपचूप हुसेनभाईंना मागून यायला सांगून ठेवलं होतं. जिप्सी त्यांच्याकडेच होती, कारण गिऱ्हाइकाला दोष सांगायची सवय काही सुटलेली नाही. यांना सांगितलं, त्यांच्या नूरबानूभाभींना डोंगर बघायचाय, म्हणून दोघंही येताहेत.

देवीच्या चढावर जीप दोनदा शिंकली, थांबली आणि मागे सरकू लागली. मी उडी टाकून चाकाखाली धोंडा सारला. वर बघते तर यांच्या हातात गिअरचा दांडा होता, पण तो गाडीला जोडलेला नव्हता. त्या अवस्थेतही हे म्हणाले, "इंजिन तापलंय, जरा थांबू." हुसेनभाई मागून पुढे आले. त्यांनी आईंना हात धरून जिप्सीत बसवलं, वर नेलं, दर्शन घडवलं.

मला वाटलं, आता तरी खुमखुमी जिरली. पण परत येताना आई जिप्सीतून उतरल्या आणि थेट जीपमध्ये जाऊन बसल्या. म्हणाल्या, "यांची पण अशीच थांबायची. श्याम पोटात होता तेव्हा मी ढकललीये. आज मी बसणार, तुम्ही ढकला." (सरकारी जीपमध्ये पोटुशी बाई कशी, हे मी विचारलं नाही.) हे पाठ फिरवून कितीतरी वेळ स्वच्छ बॉनेट पुसत राहिले. मग तोंड उताराकडे वळेपर्यंत आम्ही चौघांनी ढकलली, आणि सपाटीवर हुसेनभाईंनी दोराने ओढत घरी आणली. माझी कंबर अजून धरलेली आहे.

तर वन्सं, तुम्ही मोठ्या. तुमचंच काय ते ऐकतात. फोन करून कडक शब्दांत सांगा, हे लोखंड विक आणि जिप्सी घे. भाऊजींना नमस्कार.

तुमची
हेमा

ता. क. काल एक मंगल कार्यालयवाले गृहस्थ वरातीसाठी जीप विकत मागायला आले होते. हे घरी नव्हते. मी सांगितलं, विकायची नाही. का सांगितलं ते विचारू नका.

आणखी एक. फोन राहू द्या. नानांचा जीपशेजारी उभा असलेला फोटो तुमच्याकडे आहे, तो तेवढा धाडा. स्टेपनी मागे होती की बाजूला, यावरून आमचं वाजलंय. मी बाजूला म्हणते. मागे असेल तर फोटो सापडत नाही असं कळवा.