बाळाचं नाव पालवी

आई, परवा देवासला बारसं झालं आणि मी बाळाच्या कानात तुझं नाव सांगितलं नाही. पालवी असं सांगितलं. लग्नानंतर अकरा वर्षांनी तुझ्या लेकाला मुलगी झाली गं. आत्या म्हणून मी वाकले, कुर्र केलं, आणि बायकांनी पाठीत असे धपाटे घातले की आज चहाचा कप उचलतानाही कळ येते. तरी तेच कौतुकानं सगळ्यांना सांगत सुटलेय. आनंद पोटात मावत नाही.

भावजय बदनावरची, घरात हिंदी-माळवी बोलणारी. नाव ठरलं तेव्हा तिनं विचारलं, "दीदी, पालवी याने?" मी तिला खिडकीशी नेलं. समोरच्या पिंपळाला चैत्राची नवी पानं फुटलीत. म्हटलं, "वो देखो, नई पत्ती. संस्कृतात पल्लव, आपल्या मराठीत पालवी." सांगता सांगता मी धारच्या घरामागे पोचले. मी सात वर्षांची आहे, पिंपळाची तांबूस, मऊ पानं ओरबाडून भातुकलीत वाढतेय, आणि तू कणकेच्या हातानं माझं मनगट धरतेस. "पालवी आहे ती. खुडू नये." हा शब्द मला तिथे मिळाला, पुस्तकात नंतर भेटला. बाळाच्या कानाची पाळी अगदी त्याच रंगाची आहे. भावजयीनं ती बोटानं चाचपून पाहिली आणि हसत सुटली.

धारचे काका मात्र घुश्शात. पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले, "पहिल्या नातीला आजीचं नाव, ही आपल्या घराची रीत. वहिनींचं नाव असं टाकून दिलं. पण आजकालच्या सुनांना सांगणार कोण?" भावजय मान खाली घालून घुगऱ्या वाढत राहिली. मीही गप्प बसले, आई. तिचा काडीचा दोष नव्हता. ती बिचारी तुझंच नाव ठेवायला तयार होती. पालवीचा हट्ट माझा, आणि बोलणी तिनं खाल्ली.

उद्या सकाळच्या बसनं धारला जाऊन काकांना खरं सांगणार आहे. कारण विचारलं तर म्हणेन, नव्या जिवाला नवं नाव. तेही खोटं नाही. पण तुला जाऊन वीस वर्षं झाली आणि अजून तुझं नाव माझ्या तोंडून निघत नाही. त्या नावानं कुणी हाक मारावी आणि घरातून दुसऱ्याच कुणी ओ द्यावी, हे मला सोसलं नसतं.