हिरड्याच्या जागी आंबा

जिल्हा परिषद शाळा, आपली वाडी
रविवार, १ मार्च २०२६

वैजयंती मॅडम,

शाळेत बसून लिहितोय म्हणून मॅडम. बाहेर असतो तर वैजू लिहिलं असतं.

मंगळवारी साडेअकरा वाजता ऋषी सरांनी तुझ्याकडं खडू मागितला आणि तू दिलास. माझं सगळं फिरलं ते त्या वेळेला. मी खिडकीबाहेर उभा होतो, आईला शाळेच्या खिचडीच्या तांदळाचं पोतं उतरवून देत होतो. तुला आठवणारही नाही. एक पांढरा खडू, अर्धा झिजलेला. पण जानेवारीत मी असाच मागितला होता, तर तू हात मागं घेतलास. "खडू मिळायचा नाही. आधी तुझं कॉलेज पुरं कर, मग ये शिकवायला." पोरं हसली, मीही हसलो. तेव्हा वाटलं, हिचा नियमच असेल. मंगळवारी कळलं, नियम फक्त मला आहे.

असो. तुझी तब्येत बरी असेल. आमच्याकडं ठीक. शिवरात्रीला भीमाशंकरची गर्दी लई होती, जीप दिवसभर वर-खाली पळवली, कंबर धरली आहे. परवा होळी. आई म्हणते पुरणाला तुला बोलवू. मी म्हटलं, बोलव. आता तू येशील का नाही ते हे पत्र वाचून ठरव.

आधी झाडाचं बोलतो.

तुला ते झाड आठवतं का? आमच्या बांधावरच्या हिरड्याखाली बसून आपण हिरडा वेचत होतो. तू वैतागली होतीस. चौथीची पोरं ज्वालामुखीचे शब्द घोकतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे एकमेकांत मिसळतात. मी म्हटलं, शब्द फोडून दाखव त्यांना. ज्वाला म्हणजे जाळ, मुख म्हणजे तोंड, जाळाचं तोंड. चुलीला तोंड असतं हे पोरांना माहीतच आहे. शिला म्हणजे दगड, मग शिलारस म्हणजे दगडाचा रस, चरकातनं उसाचा निघतो तसा. भू म्हणजे जमीन. एकदा ते मूळ धरलं की भूकंप, भूगोल, भूगर्भ सगळे त्याच झाडाला लागतात. आणि मी काटकीनं मातीत हिरड्याचं झाड काढलं, खाली मुळं, वर शब्द. तू ओरडलीस, "गोक्या, अरे तू कॉलेज कशाला सोडलंस!" आजवर हे वाक्य मला शंभर जणांनी ऐकवलंय. गोड फक्त त्या दिवशी लागलं.

आपल्याकडं रानातल्या हिरड्यावर कुणी नाव लिहीत नाही. तरी कुठलं झाड कुणाच्या घरचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि दुसऱ्याच्या झाडाखाली कुणी टोपली घेऊन बसत नाही. ऋषी सर लोणीचे. बागायतदार घर, पांढरी गाडी, इस्त्रीचा शर्ट. त्यांना हे कुठून माहीत असणार? त्यांनी मंचरहून झाडाचा फ्लेक्स छापून आणला. तोही आंब्याचा! आपल्या वाडीच्या शाळेत, हिरड्याच्या जागी आंबा. खाली तुझं नाव, त्यांचं नाव. मी बोरीहून कुकडीच्या काठची पांढरी राख डब्यात भरून आणली होती. कुठल्या तरी लांबच्या ज्वालामुखीची आहे म्हणतात. तो डबा कपाटाच्या मागं गेला. पुढं काय, तर सरांचा मातीचा डोंगर, त्यात खायचा सोडा आणि व्हिनेगर. फसफसला की पोरं टाळ्या वाजवणार.

मी तुला विचारलं होतं, "माझं नाव?" तू म्हणालीस, "अरे, फ्लेक्सवर शिक्षकांचीच टाकतात." बरोबरच आहे. मी कोण? दुसऱ्या वर्षाला प्राध्यापकांच्या अंगावर जर्नल फेकून घरी आलेला ड्रायव्हर.

आता शुक्रवार. मराठी भाषा दिन, केंद्रातले सगळे गुरुजी आलेले, वरून साहेब आलेले. तू निळी साडी नेसली होतीस. ऋषी सरांचा शर्टही निळा. हे ठरवून होतं का, ते मला सांगू नकोस.

त्या दिवशी काय झालं ते तुला माहीत आहे. काय झालं नव्हतं ते मी सांगतो. झाडावरच्या पाट्या वाऱ्यानं हलल्या नव्हत्या. पोरांनी खेळताना अदलाबदल केली नव्हती. आणि ऋषी सरांची तर काहीच चूक नव्हती.

पाट्या मी बदलल्या.

सकाळी सातला आईची किल्ली घेऊन आलो, पाण्याची टाकी भरायला म्हणून. वर्गात गेलो. तो आंबा बघितला आणि डोकं सटकलं. आधी वाटलं, फाडून टाकावा. मग वाटलं, नको, साहेबांसमोर यांची फजिती होऊ दे. झाडाला चिमट्यांनी शब्द लावलेले आणि प्रत्येकाखाली अर्थाची पाटी. ज्वालामुखीच्या तीन प्रकारांतल्या मी दोनच पाट्या काढल्या. निद्रिस्तची मृतखाली लावली, मृतची निद्रिस्तखाली. दोन मिनिटांचं काम. टाकी भरली, कुलूप लावलं, किल्ली आईला दिली.

वैजू, मला वाटलं होतं, ते झाड ऋषी सर वाचून दाखवतील. किंवा तू. ते पोरं वाचणार आहेत, आणि त्यातली ती फांदी चौथीतल्या हर्षालीच्या वाट्याला आली आहे, हे मला आईशप्पथ माहीत नव्हतं.

मी दारात उभा होतो. ती काठी घेऊन पुढं आली, दोन वेण्या, लाल रिबनी. "जागृत म्हणजे जागा असलेला," म्हणाली, छान म्हणाली. मग काठी पुढच्या शब्दावर गेली आणि थांबली. तिनं पाटीकडं बघितलं, तुझ्याकडं बघितलं. आणि हळू वाचलं, "मृत म्हणजे झोपलेला. तो पुन्हा कधीही जागा होऊ शकतो."

साहेब मोठ्यानं हसले. "अगं बाय, मेलेला कुठं जागा होतो का?" मागचे गुरुजीही हसले. त्या बिचाऱ्यांना काय माहीत, गेल्या श्रावणात तिचा बाप भात लावून घरी आला, जेवून झोपला आणि उठलाच नाही. तू तेव्हा महिनाभर तिला शाळेत आणायला घरी जात होतीस. माझ्या जीपमधून.

"सर, इथं तसं लिहिलंय," एवढंच ती म्हणाली.

आणि तेव्हा तुझे ऋषी सर उठले. "साहेब, पाट्या मी लावल्या होत्या. चूक माझी आहे. मुलीचं पाठांतर चोख आहे." साहेबांनी शेरेबहीत त्यांच्या नावानं ओळ लिहिली. आणि तू त्यांच्याकडं बघितलंस. कसं बघितलंस ते मी बघितलं.

खरं सांगू? त्या क्षणी मला हर्षालीचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं, पण नंतर. आधी वाटलं, झाड घेतलं, खडू घेतला, आता माझी चूकसुद्धा ह्यानंच घेतली! आणि ती त्याच्या अंगावर शोभून दिसतेय. मी गाडी काढली आणि थेट डिंभ्यापर्यंत गेलो. धरणाच्या भिंतीकडं तोंड करून शिव्या घातल्या. त्यांना, तुला, मग मला.

काल ती शाळेत आली नाही. संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. तिची आई पाण्याला गेली होती, ती ओसरीवर हिरडा वाळत घालत होती.

"का गं, शाळा बुडवली?"

"डोकं दुखत व्हतं."

"पाट्या मी बदलल्या व्हत्या हर्षे. तुझं काय चुकलं नाय."

तिनं हिरडा पसरणं थांबवलं नाही. "तुमाला येत नव्हतं व्हय?"

"येत व्हतं. राग आला व्हता."

"कुणाचा?"

मी खाली सांडलेले हिरडे वेचायला लागलो. ती म्हणाली, "मला म्हाईत व्हतं ते चुकीचं हाय. पाठ व्हतं की मला."

"मग वाचलंस कशाला?"

तिनं उरलेला हिरडा ओतला. मग म्हणाली, "पाटीवर व्हतं ना. एकदा वाचावं वाटलं."

वैजू, मी एकवीस वर्षांचा आहे. आजवर मला प्रिन्सिपॉलनं हाकललं, बापानं मारलं, तूही बोललीस. एवढं लागलं नव्हतं.

निघताना तीच म्हणाली, "तुमी लावल्या ना? मग तुमीच नीट लावा. मी सोमवारी बघीन."

म्हणून आज आलोय. पाट्या नीट लावल्या, तीनदा वाचल्या. मृत म्हणजे मेलेला, पुन्हा उद्रेक न होणारा. निद्रिस्त म्हणजे झोपलेला. राखेचा डबा कपाटामागनं काढून टेबलावर ठेवला आहे, झाकण घट्ट आहे, दाबून उघड. दादाभाऊ सर हेडमास्तर म्हणून त्यांना वेगळी चिठ्ठी लिहिली आहे, तुझ्या पत्राखालीच आहे. त्यात सगळं आहे, किल्लीसकट. साहेबांनी ती ओळ खोडावी आणि माझं नाव घालावं.

आईला सकाळी सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "किल्ली माझ्या नावावं हाय, मुडद्या. उद्या मला खिचडीवरनं काढलं तर?" मी म्हटलं, मग नको सांगू का? तिनं भाकरी उलटली. "त्या पोरीच्या आईसंगं मी पाणी भरते. तिच्यापुढं कुठल्या तोंडानं जाऊ? जा, सांग." आणि कनवटीची किल्ली काढून माझ्यापुढं टाकली. आईला कामावरून काढू नये म्हणून तुला काही बोलता आलं तर बोल. माझ्यासाठी बोलू नकोस.

ऋषी सर वाईट माणूस नाहीत. हे वाक्य लिहायला मला पाऊण तास लागला. त्यातही ते चांगले आहेत असं म्हटलेलं नाही. खडू त्यांना द्यायचा तर दे. पण माझी चूक त्यांच्याकडं राहू देऊ नकोस. झाडावर माझं नाव नव्हतं, चालेल. ह्या चुकीवर पाहिजे.

आणि त्या दिवशी हिरड्याखाली मला ज्वालामुखीचं काही बोलायचं नव्हतं. दुसरंच बोलायचं होतं. तू समोर बसलीस, ओंजळभर हिरडा माझ्या टोपलीत टाकलास, आणि मी आपला मुळं काढत बसलो.

बाहेर उन्हं चढली आहेत. किल्ली हजेरीपटावर ठेवतोय. दादाभाऊ सरांकडं दुसरी आहे, उद्या ते उघडतील. कुलूप दाबलं की लागतं, त्याला किल्ली लागत नाही. मी बाहेर पडून दार ओढून घेतो आणि दाबतो. मग मला परत आत येऊन हे पत्र उचलता येणार नाही.

पाट्या बदलणारा,
गोकुळ भागू
(गोक्या म्हणायचं का नाही ते तू ठरव)