पाचव्या घराचे ईस्टर कार्ड

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा माझी मुलगी चालायलाही शिकली नव्हती. आज ती चौतीस वर्षांची आहे आणि संध्याकाळच्या गाडीने पुण्याहून घरी येते आहे. ती येण्यापूर्वी मला एका कार्डात एक ओळ लिहायची आहे. दुपारपासून बसलो आहे, पण ती ओळ हातून उतरत नाही, म्हणून तुम्हांला लिहितो आहे. उद्या ईस्टर. गेल्या वर्षी याच पवित्र आठवड्यात, गुरुवारी, तुमची सून गेली.

तुमच्या माघारी तिने आपल्या चर्चच्या मंडळीत एक प्रथा सुरू केली, ती तुम्हांला ठाऊक नाही. ज्या घरातून वर्षभरात कोणी गेले असेल, त्या घरी ईस्टरच्या आदल्या दिवशी ती स्वतः केलेले कार्ड नेऊन देत असे. बाहेरून ते साधे पांढरे. उघडले की घडीतून कागदाची टेकडी उभी राहते, टेकडीत येशूचे थडगे दिसते आणि थडग्याच्या तोंडावरची धोंड बाजूला सरकते. आत काही नसते. त्याखाली ती गेलेल्या माणसाविषयी एकच ओळ लिहीत असे. शास्त्रातले वचन नव्हे. "वचन त पाळकसाहेब सांगतातच," ती म्हणायची, "आपण खरं असंन ते लिहायचं." लोहाऱ्यातील एका आजींच्या घरी तिने लिहिले होते, 'दळण आणायला गेल्या की त्या तासभर परतत नसत.' ते कार्ड उघडून त्या घरातील माणसे आधी हसली आणि मग एकेक करून आत निघून गेली. मी दारात उभा होतो. मला ती ओळ तेव्हा अप्रशस्त वाटली होती आणि परतीच्या वाटेवर मी तसे बोलूनही दाखवले होते.

बरीच वर्षे ती हे सारे पट्टी आणि पातीने कापत असे. पुढे बोटांचे सांधे आखडले तेव्हा मुलीने कागद कापण्याचे यंत्र पाठवले. पावाच्या मोठ्या डब्याएवढे आहे. संगणकावर आकृती काढायची, जाड कागद चिकट चटईवर बसवायचा, चटई यंत्रात सरकवायची. आतले पाते एकेक रेघ कापत जाते. तुम्ही ते पाहिले असते तर हात मागे बांधून फक्त ऐकत राहिला असता. त्याचा आवाज लाकडात शिरलेल्या भुंग्यासारखा आहे.

यंदा ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या प्रारंभी उपासनेनंतर मंडळीतील एका वृद्ध मावशींनी मला थांबवले. "सर, यंदा कार्डं कोन करीन?" मी करीन, असे मी म्हणालो. "तुम्ही? तुमच्याच्यानं चहाच्या डब्याचं झाकण निंगत नाही, धोंड सरकंन काय?" मग त्यांनी बोटांवर घरे मोजली. "पाच होतात. तुमचं धरून." मी म्हणालो, माझ्या घरी कार्डाची आवश्यकता नाही. त्या म्हणाल्या, "तुमाले नसंन. पोरीले आहे ना."

यंत्रावर वर्षभर चादर होती. ती काढायला मला आजपर्यंतचे सगळे दिवस लागले, बाबा. आज सकाळी काढली. तिच्या आकृत्या संगणकावर तशाच होत्या. कागद बसवला, कळ दाबली आणि चटई बाहेर आली तेव्हा थडगे अख्खेच सुटून चटईवर पडलेले होते, कागदात नुसते भोक. कापायच्या रेघा आणि घडीच्या रेघा यंत्राला वेगळ्या सांगाव्या लागतात. घडीच्या रेघेवर पात्याने जेमतेम ओरखडायचे असते, म्हणजे कागद तिथे वाकतो पण तुटत नाही. मी सगळ्याच रेघा कापायला लावल्या होत्या. दुसऱ्या खेपेस टेकडी उभी राहिली, पण धोंड सरकेना. तिसऱ्या खेपेस साधले. दुपारी बारापर्यंत पाच कार्डे तयार झाली. घामाने बोटांचे ठसे कागदावर उमटत होते, म्हणून दर वेळी हात पुसत होतो. कूलर मी लावला नव्हता.

कूलरविषयी सांगायला हवे. चैत्राच्या उन्हात यवतमाळात त्याच्यावाचून माणूस राहू शकत नाही, पण त्याच्या दमट वाऱ्याने कागद नरम पडतो, पाते त्याला कापण्याऐवजी ओढते आणि कडा फाटतात. हे तिनेच मला शिकवले. गेल्या वर्षी या दिवसांत ती अंथरुणावरून उठू शकत नव्हती. दुखणे पोटातून पाठीत गेले होते आणि डॉक्टरांनी नवीन औषध लिहिणे थांबवले होते. तरी तीन घरांची कार्डे राहिली आहेत, हे ती विसरत नव्हती. यंत्र मधल्या खोलीत, तिचा पलंग पलीकडच्या खोलीत आणि दोहोंना मिळून एकच कूलर. मी कागद लावला की ती पलीकडून म्हणायची, "अहो, आधी कूलर बंद करा. कागद ओला होऊन राह्यला." मी बंद करायचो, एक पान कापायचो, पुन्हा लावायचो. तिचा चेहरा पुसून यायचो आणि पुढचे पान घ्यायचो.

त्या गुरुवारी शेवटचे पान यंत्रात होते. अर्धी टेकडी कापून झाली होती. तिने हाक मारली. "अहो, लावता का आता?" एवढेच. आवाजात काही वेगळे नव्हते. निदान मला ते ऐकू आले नाही. मध्येच थांबवले तर पान वाया जाते. मी म्हणालो, "दोन मिनिटे. शेवटचे आहे." यंत्र थांबले, मी चटईवरून कागद सोडवला, कोपरा न दुमडता सोडवला, कूलर लावला आणि आत गेलो. ती गेली होती. उशी घामाने भिजलेली होती.

बाबा, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आई गेली. मी पुसदहून दुपारी घरी पोचलो. आई आत चादरीखाली होती, बायका गात होत्या आणि तुम्ही मागच्या अंगणात तिच्या शवपेटीसाठी सागाच्या फळीवर रंधा मारत होता. शेजारच्या गल्लीतले मुसलमान मिस्त्री तुमच्या हातातून रंधा घेऊ पाहत होते. "भाई, भाभीची पेटी मी करतो. घरच्याची पेटी घरच्यानं करू नाही. तू अंदर जाऊन बस." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तिची उंची तुले माहीत नाही." मग तुमचे लक्ष माझ्याकडे गेले. "उभा काहून आहे? फळी धर." मी धरली नाही. आईजवळ बसायचे सोडून तुम्ही सुतारकी करीत आहात, असे मी बोललो, शुद्ध भाषेत, सर्वांसमक्ष. तुम्ही फळी एकट्याने गुडघ्याखाली दाबली आणि कापू लागलात. त्यानंतर तुम्ही जगलात त्या सगळ्या वर्षांत या गोष्टीचा उल्लेख तुम्हीही केला नाही आणि मीही. मी तुम्हांला दोषी धरले आणि ते मत बदलण्याची मला कधी गरज भासली नाही. आता तुमची क्षमा मागून मला हलके व्हायचे आहे, असे समजू नका. तुमची गोष्ट निराळी होती. आई तेव्हा कोणाला हाक मारत नव्हती.

गेल्या वर्षी त्या गुरुवारी मुलीला फोनवर मी सांगितले की मी तिच्या आईच्या उशाशी होतो, तिचा हात माझ्या हातात होता. वाक्य आपोआप तयार झाले, विद्यार्थ्यांना पाठ सांगावा तसे. मुलगी दर रविवारी फोन करते आणि कधी ना कधी म्हणतेच, "पप्पा, तुम्ही जवळ होते ना, तेवढ्यानं मला झोप लागते." मी "हो" म्हणतो. माझ्या त्या 'हो'ची तिला सवय झाली आहे, आणि मलाही.

चार घरांची कार्डे पाकिटांत घालून ठेवली आहेत. चारही ओळी सुचायला अर्धा तास पुरला. लोकांच्या घरचे खरे लिहिणे जड गेले नाही. पाचव्यात आधी लिहिले की ती सर्वांसाठी झिजली. ते खोटे नाही, पण ते कोणाविषयीही लिहिता येते, आणि तिने ते चालू दिले नसते. ते कार्ड फाडून मी सहावे कापले. साडेपाच वाजत आले आहेत. बस स्थानकावर निघायला हवे.

सहाव्यात मी लिहिले आहे, 'तिने हाक मारली होती. मी वेळेवर गेलो नाही.' मुलगी ते आज रात्री वाचेल की उद्या कबरस्तानातून परतल्यावर, ते तिच्यावर सोपवतो. एवढे मात्र तुमच्यापाशी मान्य करतो, बाबा: चार कार्डांतल्या ओळी मी शाईने लिहिल्या, ही एक पेन्सिलने लिहिली आहे.