तपासणीचे पैसे आज भरू नकोस

सूनबाई,

टेबलावरचं खाजगी तपासणीचं माहितीपत्रक मीच उचललं, उगाच शोधत बसू नकोस. वाचून मनात पाल चुकचुकली, म्हणून सकाळी त्या तपासणी केंद्रात जाऊन आलो. तुला न विचारता गेलो, हे चुकलंच.

काउंटरवरच्या मुलीला विचारलं, की या रक्ततपासणीत पोटातल्या बाळाबद्दल काही वावगं निघालं तर पुढे काय. ती म्हणाली, "असं अभद्र कशाला बोलता, आजोबा? आज नाव नोंदवलंत तर सवलत आहे." पुन्हा विचारलं, तर पुन्हा सवलतच पुढे आली.

मग तुझ्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, ही तपासणी नुसती शक्यता सांगते. खात्री करायला पुढची वेगळी तपासणी लागते, ती त्यांच्या सरकारी दवाखान्यातही होते. नेहमीची सोनोग्राफी तर आहेच.

मला यातलं कितपत कळलं, कुणास ठाऊक. कदाचित त्या केंद्राबद्दलचा माझा संशय खराही नसेल, ती माझी भीतीच असेल. मागच्या वेळी बाळ गेलं, तेव्हापासून मला दवाखान्याच्या प्रत्येक कागदाचीच धास्ती वाटते.

तरी आज पैसे भरू नकोस. नर्सबाई उद्या तुझ्याशी सविस्तर बोलणार आहेत. त्यानंतरही तुला तपासणी करावीशी वाटली तर खुशाल कर, मी हूं की चूं करणार नाही. फक्त निकाल आणायला मागच्यासारखी एकटी जाऊ नकोस.

हे समोर बोलायला जीभ रेटेना, म्हणून लिहून ठेवून वाचनालयात चाललो आहे.

अप्पा